गढूळ पाण्याची साक्ष

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा भाचा सुरतेस आला होता. मालवणजवळच्या समुद्रात पाठीवर हवेची नळकांडी बांधून बुडी मारण्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतले आहे, आणि पाण्याखालचे जग एकदा पाहिलेल्या माणसाला जमिनीवरचे जग थोडे फिके वाटू लागते, तशी त्याची अवस्था झाली आहे. हजीऱ्याच्या वाटेवर इच्छापोरच्या नाक्याशी चहाला थांबलो असता त्याने विचारले, "मामा, समुद्र इथून इतका जवळ आहे. मग सुवालीच्या वाळूवरून चालत पाण्यात शिरावे आणि सरळ बुडी मारावी, यात अडचण काय?"

अडचण आम्हांस ठाऊक होती. पण ती नीट सांगता येईना. "इथे कोणी उतरत नाही" हे काही उत्तर नव्हे. तरुणांना असे उत्तर दिले की ते हटकून उतरतात. सुवाली आणि डुमस या दोन्ही किनाऱ्यांवर रविवारच्या सहलीला आलेली मुले बुडाल्याच्या वार्ता सुरतकर वाचकांस नव्या नाहीत, आणि त्यांत उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांतली आपली मराठी मुलेही असतात. त्या दिवशी आम्ही दोघे ओहोटीच्या वेळी सुवालीस गेलो. घरी परतल्यावर पुस्तके काढून बसलो, तेव्हा ध्यानी आले की भाच्याच्या प्रश्नाला या किनाऱ्याच्या इतिहासातच एक उत्तर आहे. ते येथे मांडत आहोत.

किनाऱ्यावर पोहोचताच भाच्याने पिशवीतून पांढरी बशी काढली. तिला दोरी बांधून तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि बशी खाली सोडू लागला. ही युक्ती जुनी आहे. इटलीतील आन्जेलो सेक्की या धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या भूमध्य समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती, आणि तीच रीत समुद्रशास्त्रात आजही चालते. मालवणास हिवाळ्यात अशी बशी बरीच खोल जाईपर्यंत दिसत राहते, असे भाच्याचे म्हणणे. सुवालीस ती वीतभरही खाली गेली नाही तोच नाहीशी झाली. दोरी हातात होती, बशी तिच्या टोकाला होती, पण डोळ्यांना काही नव्हते.

हे पाणी असे का, याचे कारण आपल्या लोकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तापी मुलताईस उगम पावते, भुसावळवरून खानदेश ओलांडते, प्रकाशे येथे गोमाईला भेटते आणि हजीरा व डुमस यांच्या मधून समुद्रास मिळते. सुरतेच्या कापडगिरण्यांत आणि मागांवर राबणारी असंख्य खानदेशी कुटुंबे ज्या नदीच्या काठून आली, तिच्याच मुखाशी येऊन वसली आहेत. त्यांच्या कितीतरी आधी त्यांच्या शेतांतली काळी माती याच वाटेने येथे येऊन पोहोचली. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाल्यापासून बराचसा गाळ वरच अडतो हे खरे. परंतु हजारो वर्षे साचलेला गाळ तळाशी आहेच, आणि नर्मदा, मही, साबरमती याही आपापली भर खंबायतच्या आखातात टाकीत असतात. हे आखात फनेलासारखे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद होत जाणारे. भरतीचे पाणी आत शिरते तसे दाटत जाते आणि चढते. भावनगरकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर १० मीटरहून अधिक भरते. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत येऊन दोनदा बाहेर जाणार, तर तळाचा गाळ स्वस्थ कसा बसेल? म्हणजे या समुद्राचा गढूळपणा हा केवळ अस्वच्छपणा नव्हे. कारखान्यांचे सांडपाणी हा निराळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण कारखाना उभा राहण्यापूर्वीही हे पाणी असेच होते.

असे असूनही सुवालीचे नाव एके काळी लंडन आणि लिस्बन येथील दर्यावर्दी लोकांच्या तोंडी होते. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. सुवालीसमोर मात्र किनाऱ्याला समांतर असा वाळूचा दांडा होता, आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये जहाज नांगरून राहू शकेल असा खोल पाण्याचा पट्टा होता. इंग्रज त्यास 'स्वाली होल' म्हणत. १६१२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाची दोन जहाजे आणि पोर्तुगीजांची गॅलियन जातीची चार मोठी जहाजे यांची येथेच गाठ पडली. दुसऱ्या दिवसाच्या धुमश्चक्रीत पोर्तुगीजांच्या चारांपैकी तीन जहाजे वाळूत रुतली आणि मग सुटली. १६१५ च्या आरंभी गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः मोठे आरमार घेऊन आला, तेव्हा निकलस डाउंटन या इंग्रज सेनापतीने आपली जहाजे त्या उथळ दांड्याच्या आड ठेवली. व्हाइसरॉयच्या थोरल्या जहाजांना आत शिरता आले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जहांगीर बादशहाकडे निघालेला वकील सर टॉमस रो याच वाळूवर उतरला.

या प्रसंगांकडे आपण तोफांच्या अंगाने पाहतो. आम्हांस येथे दुसरी बाजू दाखवावयाची आहे. ज्या पाण्यात बशी वीतभर खाली दिसत नाही, त्याचा तळ या लोकांना कसा कळला? डोळ्यांनी तर नव्हेच. त्या काळच्या जहाजावर शिशाचा जड ओळंबा असे आणि त्याच्या दोरीवर वावावावाच्या अंतराने खुणा असत. ओळंब्याच्या बुडाशी एक खळगा ठेवून त्यात चरबी भरीत. दोरी तळाला टेकली की खोली कळे, आणि ओढून वर घेतली की चरबीला काय चिकटले आहे ते पाहून तळाशी वाळू आहे, चिखल आहे की शंख-शिंपले आहेत, हे समजे. रात्री दोरीवरच्या खुणा बोटांनी चाचपून ओळखता याव्यात म्हणून त्या चामड्याच्या आणि निरनिराळ्या कापडाच्या करीत. थोडक्यात, या समुद्राचे ज्ञान हाताला होत होते. स्थानिक तांडेलांना ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने होते, परक्या कप्तानाला दोरीने होत होते, आणि ज्याने या ज्ञानाची पर्वा केली नाही त्याचे जहाज वाळूत रुतत होते.

मराठी वाचकांस सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने सुवालीस नांगरलेल्या जहाजांवरचे खलाशी बोलावून वखारीचा बचाव केला. १६७० च्या ऑक्टोबरातील दुसऱ्या स्वारीच्या वेळी इंग्रजांनी आपला बराचसा माल आधीच सुवालीस हलविला होता. शहर जमिनीवरून जिंकता येते, समुद्रावरची जहाजे तशी हाती लागत नाहीत, हे महाराजांना वेगळे सांगावयास नको होते. १६६४ च्याच नोव्हेंबरात मालवणासमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. सुरतेहून आणलेल्या द्रव्याचा त्या बांधकामास उपयोग झाला, अशी समजूत आहे.

आमचा भाचा बुडी मारावयास शिकला तो याच सिंधुदुर्गाच्या आसमंतात. तेथे मोठ्या नदीचा गाळ नाही, तळ खडकाळ आहे, आणि पावसाळा संपल्यावर पाणी निवळते. तेथील प्रवाळ व जलचर यांच्यासाठी १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथे माणूस डोळ्यांच्या भरवशावर पाण्यात उतरू शकतो. सोबतीचा दिसतो, वर जाण्याची दिशा दिसते, अंगावर येणारी वस्तू दिसते. बुडी मारण्याचे आजचे सारे शिक्षण हे दिसणे गृहीत धरून चालते. शिकवलेले चुकीचे नाही. ते दुसऱ्या पाण्यासाठी आहे, एवढेच.

गुजरातच्या समुद्रात डोळ्यांनी काही पाहावे असा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र नव्हे. त्याचा एक धागा आपल्या मराठी राजवटीशीच जोडलेला आहे. द्वारका आणि बेट द्वारका ज्यात येतात तो ओखामंडल प्रांत बडोद्याच्या गायकवाडांकडे होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तेथील समुद्राची पाहणी करविली, आणि ओखामंडलच्या सागरी जीवसृष्टीवरील त्याचा अहवाल १९०९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. कच्छच्या आखातात मोत्यांचे शिंपले गोळा करण्याची रीत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. दक्षिणेस मन्नारच्या आखातात पाणबुडे कमरेस दोर बांधून, दगडाच्या भाराने तळ गाठून शिंपले वर काढीत. कच्छच्या आखातात लोक ओहोटीची वाट पाहत. उधाणाच्या ओहोटीस समुद्र मागे हटला की खडक उघडे पडत, आणि माणसे चालत जाऊन शिंपले वेचीत. जेथे समुद्रच दिवसातून दोनदा आपला तळ उघडा करून दाखवतो तेथे बुडी कशाला मारावयाची, हा त्या लोकांचा हिशेब होता.

पुढे १९८० च्या दशकात याच ओखामंडलच्या पाण्यात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे उतरले. डॉ. राव म्हणजे खंबायतच्या आखाताच्या टोकाशी असलेल्या लोथलचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ. द्वारकेसमोरच्या समुद्रात तुलनेने कमी खोलीवर त्यांना घडीव दगड आणि भोके पाडलेले दगडी नांगर मिळाले. त्यांच्या काळाविषयी मतभेद झाले, अजूनही आहेत. पण मतभेद कशाविषयी आहेत हे स्पष्ट होते. वस्तू कोठे, कशी पडली होती, हे माणसाने पाण्याखाली जाऊन पाहिले होते, मोजले होते, रेखाटले होते. वाद त्या नोंदींच्या अर्थाविषयी होता.

त्याच्याशी खंबायतच्या आखातातील प्रकरण ताडून पाहावे. २००१ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी जाहीर केले की चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेस या आखाताच्या तळाशी प्राचीन नगरीच्या खुणा आढळल्या आहेत. पाहणी ध्वनिलहरींच्या यंत्राने झाली होती. खोली ३० ते ४० मीटर. पडद्यावर चौकोनी, रांगेत मांडल्यासारख्या आकृती दिसत होत्या. पुढे तळ खरवडून काढलेल्या गाळातून काही वस्तू वर आल्या. त्यांतील लाकडाच्या एका तुकड्याचे वय सुमारे ९,५०० वर्षे निघाले, आणि जगातील सर्वांत जुनी नगरी आपल्या दारात सापडली, असा गाजावाजा झाला. सुरतेत त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय होता. आमच्याही होता, आणि आम्हीही मनातून सुखावलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप साधा होता. लाकूड जुने असेल. पण ते त्या नगरीतलेच कशावरून? ज्या आखातात दोन बलाढ्य भरत्या रोज गाळ इकडून तिकडे लोटतात, तेथे तळावरून खरवडून आणलेली वस्तू मूळची तेथलीच आहे असे कसे धरावे? ती कोणत्याही नदीच्या काठून वाहत आलेली असू शकते. खात्री करण्याचा मार्ग म्हणजे खाली जाऊन वस्तू आणि बांधकाम यांचा संबंध प्रत्यक्ष पाहणे. आणि नेमके तेच तेथील वेगवान प्रवाहात व शून्यवत दृश्यमानतेत दुरापास्त होते. त्यामुळे ही नगरी तज्ज्ञांमध्ये सर्वमान्य झाली नाही. सुवालीच्या कप्तानांनी दोरीला चिकटलेल्या चिखलावरून एवढेच म्हटले असते की येथे चिखल आहे. त्यावरून त्यांनी नगर उभारले नसते.

डोळ्यांचे आणि हाताचे झाले, आता कातडीचे. त्या दिवशी ओहोटीने मागे सोडलेला एक जेलीफिश वाळूवर पडला होता. दुधी काचेच्या वाडग्यासारखा, निर्जीव. भाच्याने पायाने उलथण्यासाठी पाय पुढे केला, तोच जाळे आवरीत असलेला एक वृद्ध मच्छीमार गुजरातीत ओरडला, "अडशो नहीं! मेलेला आहे म्हणून काय झाले?" हे शेवटचे वाक्य आम्ही मराठीत दिले आहे, पण त्यातला शहाणपणा शास्त्रास मान्य असाच आहे. जेलीफिशच्या तंतूंवर असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत गुंडाळी केलेली पोकळ नळी असते. स्पर्श होताच ती क्षणाच्या अगदी लहानशा अंशात बाहेर फेकली जाते आणि विष टोचते. या क्रियेला प्राण्याच्या इच्छेची गरज नसते. म्हणून मेलेल्या प्राण्याचे, किंबहुना तुटून पडलेल्या तंतूचेही दंश होतात. स्वच्छ पाण्यात बुडी मारणारा माणूस जेलीफिश दुरून पाहून बाजूला होतो. सुवालीच्या पाण्यात तो असल्याचे पहिले वर्तमान कातडीलाच कळणार.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर येणारा निळा, फुगीर जीव, ज्यास इंग्रजीत 'ब्लू बॉटल' म्हणतात, तो खरे पाहता जेलीफिश नव्हे; अनेक लहान जीवांची ती एक वसाहत असते. त्याच्या जवळच्या थोरल्या भावास युरोपीय खलाशांनी 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर', म्हणजे पोर्तुगीजांची युद्धनौका, असे नाव दिले. फुगा शिडासारखा पाण्यावर आणि शस्त्रे खाली लपलेली, म्हणून. सुवालीच्या लढायांशी या नावाचा संबंध नाही. पण येथे उभे राहून ते उच्चारताना हसू आल्यावाचून राहत नाही. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उभ्या राहिलेल्या अनेकांना पाकट मासे व जेलीफिश यांचे दंश झाले, आणि २०१८ च्या ऑगस्टात मुंबईच्या किनाऱ्यांवर या निळ्या जीवाने दीडशेच्या आसपास लोकांना डसल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडेही मोठ्या मूर्ती हजीरा आणि डुमसच्या समुद्रात जातात, तेव्हा ही आठवण ठेवलेली बरी.

"एकदा डसला की अंगाला सवय होते" असा एक समज आहे. तो कसा खोटा ठरला याची कथा वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९०१ साली मोनाकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ याच पोर्तुगीज युद्धनौकेच्या विषाचा अभ्यास करीत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष घेऊन प्रयोग चालू ठेवले. अल्प मात्रेने कुत्र्यांना सवय होईल ही त्यांची अपेक्षा. घडले उलटे: पहिल्या मात्रेतून सावरलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या लहानशा दुसऱ्या मात्रेने काही मिनिटांत मेला. शरीर पहिला आघात विसरत नाही, आणि कधी कधी ते आठवणे हेच घातक ठरते, हे त्यातून कळले. १९०२ साली या प्रतिक्रियेस 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव मिळाले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक.

म्हणून दंश झाल्यास काय करावे हेही सांगून ठेवतो. आधी न घाबरता पाण्याबाहेर यावे, कारण पुष्कळदा माणूस विषापेक्षा घाबरून बुडतो. जागा चोळू नये, वाळू घासू नये; न फुटलेल्या कुप्या त्याने फुटतात. गोडे पाणी ओतू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे. चिकटलेले तंतू चिमट्याने उचलावेत. मग सोसेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ती जागा वीसेक मिनिटे धरावी. ऑस्ट्रेलियात निळ्या जीवाच्या दंशांवर या उपायाची पद्धतशीर चाचणी झाली आणि तो बर्फापेक्षा सरस ठरला. सिरक्याचा उपयोग काही जातींच्या दंशावर निश्चित होतो. सर्वच जातींविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही. श्वास लागला, चेहरा सुजला, उलट्या झाल्या, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

एवढे सारे वाचून दाखवल्यावर भाचा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे इथे उतरायचेच नाही तर."

आम्ही म्हणालो, बुडी मारावयास नाही. येथून पुढे हजीऱ्याच्या बंदराची मोठी जहाजे ये-जा करतात, ओहोटीची ओढ पोहणाऱ्याला विचारीत नाही, आणि तुझ्या सोबत्याला तुझा हात दिसणार नाही. पण या समुद्राला भेटण्याची येथल्या लोकांची एक रीत आहे. भरतीचे वेळापत्रक पाहावे, उधाण आणि भांग यांतला फरक समजून घ्यावा, ओहोटीस वाळूवरून चालावे, आणि पाणी वळले की त्याच्या आधी आपण वळावे. ज्यांची शेते या नदीच्या वरच्या अंगास आहेत, त्या खानदेशी मुलांना हे कोणी शिकवीत नाही. त्यांना नदीचा पूर कळतो, भरती कळत नाही. आपल्या मंडळाने उन्हाळी शिबिरात एक सकाळ यासाठी ठेवावी, अशी सूचना आम्ही या लेखाच्या निमित्ताने करीत आहोत.

भाचा आता मालवणास परतला आहे. जाताना पांढरी बशी आमच्याकडे ठेवून गेला. तिच्या दोरीला त्याने वीतवीत अंतरावर गाठी मारल्या आहेत, अंधारात बोटांना कळाव्यात अशा.